याडीच्या नंतर कोण

१२ फेब्रुवारी २००६

शीर्षक पुन्हा खाली जाऊन बसलं! काल मी स्वतः सगळ्यात वर 'हवेली' असं लिहिलं, खाली एक ओळ मोकळी सोडली, मग माझ्या बायकोने, मिराने सांगितलेल्या ओळी. आज उघडून पाहतो तर मोकळी ओळ वर आणि 'हवेली' पार तळाशी. उशिरा आलेलं पोरगं वर्गाच्या दाराशी उभं राहतं तशी! माझंच बोट कुठेतरी लागलं असणार. दोन बोटांनी टाईप करणारा माणूस मी. नजर सगळी कळांवर, पडद्यावर नाही.

हे जुनं मशीन मोहनसिंगचं. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, सेनगावला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने नवं घेतलं आणि हे मला आणून दिलं. रिटायर माणसाला बरं असतं, म्हणाला. लिहायच्या प्रोग्रामला तो एडिटर म्हणतो. दर गाण्याची वेगळी फाईल करा, सेव्ह करा, लगेच बंद करा, लाईटीचा काही भरवसा नाही — एवढं शिकवून गेला.

मिरा सांगते, मी टाईप करतो. वैशाखात निलमचं लग्न आहे. निलम म्हणजे आमच्या मुलाची, दिपकची मुलगी, पुण्यात वाढलेली. गोरबोली, आमची बंजारा भाषा, तिला धड येत नाही. पण लग्न तांड्यातच करायचं, आणि निघताना बैलाच्या पाठीवर उभं राहून हवेली म्हणायची, हा हट्ट तिचाच. नवरी माहेरच्या एकेकाचं नाव घेऊन रडत गाते, निरोप घेते, ती हवेली. आमच्या तांड्यातून गेलेल्या बहुतेक पोरींना ती मिराने शिकवली. मिराला तिच्या मावशीने, रूपाबाईने. रूपाबाई गेली. बरोबरीच्या होत्या त्याही गेल्या. आता पुरी हवेली एकट्या मिराच्या तोंडात आहे. बाकी ठिकाणी नवरी दोन ओळी रडते आणि बँडवाले सुरू होतात.

म्हणून एक पुस्तिका छापायची. लग्नात वाटायची. वर लिहायचं — सांगणार : मिराबाई. माझं नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

१५ फेब्रुवारी

आज दुसरीच गंमत. दर नावानंतर 'मला विसरू नका' अशा अर्थाची एक ओळ येते. मी ती दर वेळी इमानदारीने टाईप केली होती. आज पाहतो तर एकदाच! बाकीच्या सगळ्या गेल्या. क्षणभर चिडलो, मग हसू आलं. शाळेच्या पुस्तकात तरी दुसरं काय करतात? ध्रुवपद एकदाच छापतात, पुढे मुलांनी समजून घ्यायचं. मशीनला कविता छापायची रीत ठाऊक दिसते!

मिराला हे सांगितलं. तिला पटलं नाही. आंब्याला सांगितलं आणि गाईला न्हाई सांगितलं तर गाईनं काय समजायचं, म्हणाली.

१९ फेब्रुवारी

दुपारी वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. आंबा, मग गावडी म्हणजे गाय, चूल, बापू, बैल, मग भिया म्हणजे भाऊ, मग याडी म्हणजे आई, शेवटी सहेल्या. तिचा हात सुपातच थांबला.

"असं न्हाई ते."

मी म्हटलं, तूच सांगितलंस. तर म्हणाली, "याडीच्या नंतर सहेल्या कशा येतील? याडीचा हात सुटला की पोरगी बोलत न्हाई. बैल चालाया लागतो."

बाकीच्यांचाही क्रम वेगळा आहे म्हणाली. तो सांगितलाही तिने, पण मी नीट ऐकला नाही. मला वाटलं, एकच तर जागा चुकली आहे, सरळ करू. (घरात आम्ही गोरबोलीच बोलतो. वहीत मात्र मराठी उतरते. मास्तरकीची सवय!)

२० फेब्रुवारी

याडीची ओळ उचलून शेवटी नेली. तिने सांगितलं तशी. सेव्ह केलं. बंद केलं.

२१ फेब्रुवारी

याडीच्या नंतर सहेल्याच! काल मी खरंच दुरुस्त केलं, की नुसतं मनात ठरवलं? लाईट गेली होती का मधे? आठवत नाही.

२२ फेब्रुवारी

जुनं सगळं सोडून दिलं. नवी, कोरी फाईल. मिराने पहिल्यापासून सांगितलं, मी पहिल्यापासून टाईप केलं. जुन्यातलं एक अक्षर उचललं नाही. ती सांगताना अर्धी गात होती. मी कळा शोधत होतो. 'भ' कुठे गेला, 'भ' कुठे गेला — यातच माझी दुपार!

आता वाचत नाही. लाईट जायची वेळ झाली.

२३ फेब्रुवारी

तेच. अगदी तेच! आंबा, गावडी, चूल, बापू, बैल, भिया, याडी, सहेली. वेगळे दिवस, वेगळ्या फायली, आणि क्रम तंतोतंत एक. वाचून दाखवलं तर मिरा म्हणते — असं न्हाई. मग कसं, तर भलतंच सांगते. मी जरा आवाज चढवला. म्हटलं, काल हेच सांगितलंस, त्याआधी हेच सांगितलंस, दोन्ही फायली एक बोलतात आणि तू तिसरंच बोलतेस.

माझ्याकडे बघत राहिली. मग सूप घेऊन आत गेली.

२६ फेब्रुवारी

मोहनसिंग आला होता. त्याला सगळं सांगितलं — शीर्षक खाली जातं, ओळी गायब होतात, क्रम बदलतो. त्याने माझी गंमत केली. काका, मशीनीत भूत शिरलं, पुसेगावच्या बाजारातून लिंबू आणा! मग एडिटर काढून टाकला आणि सीडीवरून पुन्हा नवा घातला. चहा होईपर्यंत काम झालं. मी त्याच्यादेखत हवेली पुन्हा उघडली. क्रम तोच.

"मशीन सोताहून काई करत न्हाई, काका. जे देलं तेच देते वापस. तुमी न्हाई तर काकीनं तसंच सांगितलं असंल."

मिरा दारातच होती. कपबशा घेऊन गेली.

१ मार्च

झोप नाही नीट. एक गोष्ट मनातून जात नाही. मशीन खोटं बोलत नाही असं धरलं, तर आमच्या दोघांपैकी एकाची आठवण ढळली आहे. कोणाची?

आज फटफटीत उजाडायच्या आत ओट्यावर बसून स्वतःची परीक्षा घेतली. चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायला लागलो. एकेक आली, पदरात वेचलेल्या बोरांसारखी! मी शाळेत गेलो तेव्हा निजामाचं राज्य, पहिलं पुस्तक उर्दूचं. मग निजाम गेला आणि एके दिवशी मास्तरांनी मराठीचं पुस्तक हातात दिलं. त्या कागदाचा वास अजून नाकात आहे. मी तांड्यातलं पोरगं, मराठी बाजारात ऐकून ठाऊक. त्या पुस्तकातली पहिली कविता नदीवरची होती. शाळेतून तांड्याकडे येताना ओढ्याच्या कडेने ती मोठ्याने म्हणत यायचो. बैलांना वाटायचं मी त्यांनाच हाक मारतोय. मराठी मला त्या कवितेने दिली. पुढे पहिलीच्या वर्गाला आयुष्यभर शिकवलं ते तिच्याच जोरावर.

नदीची कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटली. एक काना चुकला नाही.

म्हणजे माझी आठवण शाबूत आहे. मग —

पुढे लिहवत नाही.

९ मार्च

मिराला हिंगोलीला दाखवून आणलं. दिपकशी फोनवर बोललो होतो, तोही म्हणाला उशीर नको. डॉक्टरांनी तिला आजची तारीख विचारली. देशाचा पंतप्रधान विचारला. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. ती गप्प बसून राहिली. मी बाजूला होतो, मीही काही बोललो नाही. वय आहे, होतं असं, म्हणाले. गोळ्या दिल्या.

येताना जीपमध्ये खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, तारीख मला कवा म्हाईत व्हती? मग —

"त्या डाक्टरनं माझं एक बी गाणं इचारलं न्हाई."

मी म्हटलं, त्यांना काय कळतं गाण्यातलं. मला वाटलं, समजूत घातली मी तिची.

१२ मार्च

गोळ्यांनी गुंगी येते तिला. दुपारी चुलीपुढेच डोळा लागला.

१५ मार्च

होळी. तांड्यातल्या बाया लेंगीला, होळीच्या गाण्यांना, बोलवायला आल्या. दर वर्षी पहिला आवाज मिराचा असतो, मग बाकीच्या उचलतात. आज ती म्हणाली, तुमी चाला, मी येते. गेली, पण फेर धरणाऱ्यांच्या मागे उभी राहिली. जिवनबाईने — ही शेजारची, मिरापेक्षा बरीच लहान — सुरुवात केली. दोनदा अडली, मागे वळून मिराकडे पाहिलं. मिराने पदर तोंडाला लावला. कळत नव्हतं की सांगावं की नाही सांगावं, असा चेहरा.

मी सगळं पाहत होतो. मनात आलं, केवढ्या वेगाने वाढतंय हिचं दुखणं! आज हे वाक्य लिहिताना डोळे भरून आले.

१८ मार्च

दिपकचा फोन. लग्नाला दिवस कमी उरले, निलमला आता कागदावरूनच पाठ करू द्या म्हणाला. आईला ताण नको. पुन्हा पुन्हा तिला विचारू नका, तिला वाईट वाटतं.

बरोबर आहे त्याचं. मशीनवरून हाताने उतरवून घेतलेला कागद आहे म्हणून निभावतंय, नाहीतर पुरी हवेली हातची गेली असती. मशीनचे उपकार!

२१ मार्च

संध्याकाळी दिवा लावून मिरा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, लिवलं ते वाचा. वाचलं. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचलं. बोटाच्या पेरांवर एकेक नाव धरत होती. भियाच्या पेराशी घोटाळली, मागे आली, पुन्हा मोजलं.

मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, निलमीपुढं चुकाया नको. पोरगी आजीकडून शिकाया येऊन राहिली.

आणि म्हणाली, तुमी लिवलं ते खरं.

केवढं बरं वाटलं मला! एवढ्या वर्षांत तिला पाटीसमोर बसवू शकलो नाही. अ सुद्धा कधी गिरवला नाही तिने. मला काय करायचं तुमचं अ, म्हणायची. आता या वयात माझी विद्यार्थिनी झाली.

२६ मार्च

रोज बसते. वाचा म्हणते. मी वाचतो. आज याडीच्या पेरावरून पुढे सहेलीच्या पेरावर आली आणि जरा वेळ तिथेच बोट दाबून बसली. मग मान हलवली.

३० मार्च

पाडवा. कडुलिंब, गूळ. नवं काही लिहिलं नाही.

१६ एप्रिल

निलम आली. चष्मा लागलाय, हसते अगदी आजीसारखी. आल्या आल्या म्हणाली, आजी, मला हवेली तुझ्या तोंडून पाहिजे, आजोबांच्या कागदातून नको. मिरा पाणी द्यायला उठली. परत आली तेव्हा हातात तांब्या, आणि म्हणाली कागदात हाय तसंच म्हण, लेकरा. मला आता भरोसा न्हाई.

निलमने माझ्याकडे पाहिलं. मी नजर कागदात घातली.

पोरगी कागद घेऊन ओट्यावर बसली. आंबा, गावडी, चूल. आवाज गोड आहे.

२३ एप्रिल

उन्हाने घर तापलं आहे. मिरा झोपलेली. निलम जिवनबाईकडे बांगड्या पाहायला गेली. मला एकटं एकटं वाटलं. अशा वेळी मला ती चौथीतली नदी आठवते. मनात आलं, आपणही गेल्यावर ती कोण म्हणणार? मशीन सुरू केलं आणि सबंध कविता टाईप केली. टाईप करता करता म्हणत होतो. ओढा दिसत होता, बैल दिसत होते, माझ्या खांद्याला लटकवलेली दप्तराची पिशवी दिसत होती. सेव्ह, बंद.

किती दिवसांनी मन हलकं झालं!

२४ एप्रिल

नदी आधी समुद्राला मिळाली आहे आणि मग डोंगरातून निघाली आहे.

सकाळी फाईल उघडली. अथांग समुद्राची ओळ सगळ्यात वर. डोंगराची ओळ मधेच कुठेतरी. गावाची ओळ तिच्या आधी. दोनदा येणारं ध्रुवपद एकदाच. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

मला ही कविता पाठ आहे. पाटीवर, खडूने, झोपेत, तापात, कुठेही विचारा. मी काल ती अशी टाईप केलेली नाही. मिरावर शंका घेता आली. या कवितेवर घेता येईना.

मग ओळींच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवत खाली आलो. अ. आ. उ. क. ग. ड. त. न. प. म. व. स.

मी पहिलीच्या वर्गाला आयुष्यभर हेच शिकवलं! छडीने दाखवत, ओरडून, गाऊन. आणि मला दिसलं नाही. हवेलीचा कागद काढला. आंब्याचा आ. गावडीचा ग. चुलीचा च. बापू, बैल. भ. य. स. आणि शीर्षकाचा ह तळाशी.

मिराला अ येत नाही. जिला अ येत नाही ती अ-पासून ह-पर्यंत ओळीने कशी गाईल? दोन्ही दिवशी, तंतोतंत?

जेवलो नाही आज.

२५ एप्रिल

पहिल्या जीपने सेनगावला गेलो. मशीनची पेटी मांडीवर घेऊन. मोहनसिंगने नदीची कविता पाहिली. बराच वेळ कळा दाबत होता. मग कपाळाला हात लावला.

त्याने सांगितलं ते असं. मला द्यायच्या आधी या मशीनवर तो गावोगावच्या नावांच्या याद्या टाईप करायचा. याद्या वर्णानुक्रमे लागतात, एक नाव दोनदा आलेलं चालत नाही. दर वेळी हाताने लावायचा कंटाळा, म्हणून त्याने एडिटरला एक कायमचं फर्मान देऊन ठेवलं होतं — सेव्ह केलं की ओळी अक्षरांप्रमाणे लाव, दोनदा आलेली ओळ काढ. हे फर्मान प्रोग्राममध्ये नसतं. एका वेगळ्या फाईलीत असतं, एडिटर दर वेळी सुरू होताना ती आधी वाचतो. तिच्या नावाच्या आधी टिंब असतं, म्हणून यादीत ती फाईल दिसतही नाही. एडिटर काढून नवा घातला तरी ती जागची हलत नाही. नवा एडिटर आला, त्याने ती वाचली आणि जुन्याचंच काम पुढे सुरू केलं.

मला उघडून दाखवली. दोन ओळी होत्या.

"मीच घातलं व्हतं, काका. यादीचं काम सरलं अन् इसरूनच गेलो."

मी विचारलं, आधीची प्रत कुठे राहते का? मिराने पहिल्या दिवशी सांगितली तशी? त्याने शोधली. नाही. सेव्ह होतानाच लागायच्या ओळी. तिने सांगितलेला क्रम या मशीनमध्ये एकदाही उतरला नाही.

दोन ओळी पुसल्या त्याने. आता काही होणार नाही म्हणाला. पैसे विचारले तर हात जोडले.

जीपमध्ये पेटी मांडीवर होती. फेब्रुवारीतली ती दुपार आठवत होतो. तिने क्रम सांगितला होता! तोंडाने, नीट, माझ्यासमोर बसून. आधी कोण? बैल? भिया? चूल? माझ्या कानात फक्त तिचा आवाज आहे, नावं नाहीत. नदी सबंध पाठ, आणि चार हात अंतरावरून बायको बोलली ते नाही.

२६ एप्रिल

तिला सांगायला सबंध दिवस गेला. संध्याकाळी सांगितलं. निलमही होती. मशीनची फाईल, दोन ओळी, याद्या — तिला समजेल असं सांगत गेलो, मग लक्षात आलं की ती ते ऐकतच नाही. तिने एकच विचारलं.

"मंग मी बरी व्हते?"

व्हय म्हटलं.

"मंग गोळ्या काहून देऊन राहिले मला?"

ती उठली, कोनाड्यातली गोळ्यांची पिशवी घेतली, बाहेर गेली. कुठे टाकली ते पाहिलं नाही. परत आली, भाकरी थापायला बसली. पाठमोरी म्हणाली, मशीनीची शंका आली तर मोहनसिंगला बलावलं. माझी शंका आली तर डाक्टर. तुमी सोताला कुणाला दाखवलं, मास्तर?

निलम हसली नाही, रडलीही नाही. आजीजवळ जाऊन बसली आणि पीठ मळायला लागली.

२८ एप्रिल

मिरा बोलते. पाणी, जेवण, पाहुणे, कुंकू. गाण्याचं काही नाही.

३० एप्रिल

निलमने तो कागद फाडला. माझ्यासमोर, शांतपणे. म्हणाली, आजोबा, आता आजी म्हणेल तशीच. एक दिवस अगोदर म्हणाली तरी चालेल, मी पाठ करीन. आणि नाहीच म्हणाली तर मी बैलावर नुसती उभी राहीन.

तांड्यात बातमी पसरली आहे. आज जिवनबाई येऊन मिराच्या पाया पडली. होळीला मी तुझी जागा घेतली, म्हणाली. मिराने तिला उठवलं, पाठीत धपाटा घातला. तुला कुठं येतंय, जागा घ्यायला! — असं काहीसं म्हणाली आणि दोघी हसल्या. किती दिवसांनी ते हसू ऐकलं. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

२ मे

वऱ्हाड कुरुंद्याकडून यायचं आहे, दहा तारखेला. मांडवाच्या बल्ल्या आल्या. बैल पाहिला, पांढरा, शांत. मिराने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणाली. कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. मला पाहून गप्प झाली.

तिने माफ करावं असं मला वाटत नाही. फक्त गावं. त्या ओळी तिच्या आहेत, तिच्या जागी जाऊ देत.

४ मे

मशीनवर कापड टाकलं. पुस्तिका रद्द.

६ मे

आज सकाळी आपणहून ओट्यावर येऊन बसली. निलमला जवळ घेतलं, मलाही बोलावलं. लिहू नका, नुसतं ऐका म्हणाली. डोळे मिटून गायली. मोकळा गळा, कुठे अडखळली नाही, दर नावामागे 'विसरू नका' न चुकता. पूर्वीची मिरा! आंबा. गावडी. चूल. बापू. बैल. भिया. याडी. आणि याडीच्या नंतर सहेल्या.

डोळे उघडले. चेहरा उजळला होता. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता आलं ना माझं?"

व्हय, म्हणालो.